बेअरिंग बदललं तरी मोटर पुन्हा घरघरते: खोलण्याआधी काय काय तपासावं

फाउंड्रीतला धूळ ओढणारा ब्लोअर, सूतगिरणीतला एक्झॉस्ट फॅन, साखर कारखान्यातला पंप, कुठेही जा, तक्रार एकच: "मागच्याच सीझनला बेअरिंग टाकलं होतं, परत वाजायला लागलं." मग फिटर पुलर घेऊन येतो, नवीन बेअरिंग बसतं, मोटर गप्प होते आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच. बेअरिंग हे बहुतेक वेळा मार खाणारं असतं, मारणारा दुसराच कुणीतरी असतो. तो कोण, हे मोटरच्या आवाजात, कंपनात आणि करंटमध्ये लिहिलेलं असतं. ते वाचायला कंपन मोजणारा लाखभराचा अ‍ॅनालायझर लागतोच असं नाही.

इथे उदाहरणाला एकच मोटर धरतो, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत: २० एचपी म्हणजे १५ किलोवॅट, ४ पोल, ४१५ व्होल्ट, नेमप्लेटवर १४६० आरपीएम, स्टार-डेल्टा स्टार्टर, बेल्टने ब्लोअर चालवणारी, पुलीकडे ६३०९ बेअरिंग. तुमची मोटर वेगळी असेल तर आकडे बदलतील, पद्धत तीच.

लक्षणं

- नवीन बेअरिंग टाकल्यावर शांत, पण काही आठवड्यांत पुलीकडच्या बाजूने घरघर किंवा बारीक शिट्टी.
- पुलीकडच्या एंड कव्हरला हात टेकवत नाही, पंख्याकडची बाजू मात्र बरी.
- लोडवर "हुंऽऽ… हुंऽऽ…" असा ठरावीक लयीत कमी-जास्त होणारा आवाज. जुना काट्याचा अँपमीटर असेल तर काटा त्याच लयीत डुलतो. डिजिटल क्लॅम्प मीटरवर हे सहसा दिसत नाही.
- ओव्हरलोड रिले अधूनमधून ट्रिप होतो, रिसेट केला की पुन्हा तासभर चालतो.
- काढलेल्या बेअरिंगमधलं ग्रीस काळं पडलेलं, किंवा रेसवर (गोळ्या जिच्यावर फिरतात ती कडी) पत्र्याच्या पन्हळीसारखे आडवे पट्टे.

यातलं शेवटचं लक्षण दिसलं आणि मोटर ड्राइव्हवर (फ्रीक्वेन्सी बदलून वेग कमी-जास्त करणारं उपकरण) असेल, तर बाकी वाचत बसण्यापेक्षा खाली 'कापलेलं बेअरिंग' हा भाग आधी वाचा.

आधी कागदावर चार आकडे

हे फुकट आहे आणि तरी कुणी करत नाही. खडूने मोटरवरच लिहून ठेवा.

सप्लाय ५० हर्ट्झ. मोटरमधलं चुंबकीय ओढणं त्याच्या दुप्पट वेगाने होतं, म्हणजे १०० हर्ट्झ. शाफ्टचा वेग १४६० भागिले ६०, म्हणजे २४.३ हर्ट्झ. ब्लोअरची पुली मोटरच्या दुप्पट व्यासाची असेल तर ब्लोअर १२.२ हर्ट्झने फिरतो. चौथा आकडा बेल्टचा: मोटर पुलीचा व्यास २०० मिमी आणि बेल्टची लांबी २८०० मिमी असेल, तर बेल्टचा एक फेरा सेकंदाला साधारण साडेपाच वेळा पूर्ण होतो.

पुढची प्रत्येक तपासणी म्हणजे हाच प्रश्न आहे: जे काही हलतंय ते यातल्या कुठल्या आकड्याशी जुळतं? १०० शी जुळलं तर वीज, २४.३ शी जुळलं तर मोटरचा शाफ्ट, १२.२ शी जुळलं तर ब्लोअर. यातल्या कशाच्याच पटीत बसत नसलं, तर बेअरिंगवर संशय घ्यायचा. मोटर ड्राइव्हवर असेल तर ५० च्या जागी ड्राइव्हच्या डिस्प्लेवरची फ्रीक्वेन्सी घ्या आणि त्या वेळचा आरपीएम टॅकोमीटरने मोजा.

१. स्टॉप बटण दाबा आणि ऐका

सगळ्यात स्वस्त तपासणी हीच आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची. मोटर लोडवर असताना जवळ उभे राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी स्टॉप दाबायला सांगा. वीज गेल्याच्या क्षणी आवाज एकदम तुटला, तर तो विजेचा होता: व्होल्टेजचा असमतोल, वायंडिंग, एअर गॅप (फिरणारा रोटर आणि त्याभोवतीचा स्थिर स्टेटर यांच्यातली फट) किंवा रोटर. वेग कमी होईल तसतसा आवाज उतरत गेला, तर तो यांत्रिक. उतरताना मधल्याच एका वेगाला कंपन अचानक उसळलं आणि पुन्हा बसलं, तर फाउंडेशन किंवा बेस फ्रेम त्या वेगाला साथ देतेय. मोटर कितीही बदलली तरी हे जाणार नाही.

ड्राइव्ह असेल तर स्टॉप मोड 'कोस्ट' करून घ्या. नाहीतर ड्राइव्ह हळूहळू वेग उतरवतो, वीज चालूच राहते आणि या परीक्षेला काही अर्थ उरत नाही.

मग बेल्ट काढून नुसती मोटर चालवून पाहा. घरघर आणि कंपन दोन्ही गायब झालं तर मोटर सोडा, ब्लोअरकडे जा. फाउंड्रीतल्या ब्लोअरच्या पात्यांवर धूळ एका बाजूला जमते आणि ते कंपन बेल्टमधून मोटरच्या बेअरिंगवर आदळत राहतं. पाती खरवडून साफ केल्यावर 'मोटरचा बिघाड' संपला, असं अनेकदा झालंय.

२. बेल्ट, पुली आणि पाय

मेन स्विच बंद, त्याला कुलूप, आणि किल्ली तुमच्या खिशात. याशिवाय पुढे जायचं नाही.

पुलीकडचंच बेअरिंग पुन:पुन्हा जात असेल तर पहिला संशयित ताणलेला बेल्ट. घसरतोय म्हणून बेल्ट ओढला जातो, पुन्हा घसरतो, पुन्हा ओढला जातो. खरं तर पुलीच्या खाचा झिजलेल्या असतात आणि बेल्ट खाचेच्या बाजूंना न धरता तळाला टेकलेला असतो. कितीही ताणा, तो घसरणारच. अंदाजाचा नियम असा: दोन पुलींच्या मधल्या मोकळ्या बेल्टच्या दर मीटरला साधारण १६ मिमी दब मिळावा, तोही बेल्ट कंपनीने दिलेल्या जोराने दाबून. नवा बेल्ट पहिल्या एक-दोन दिवसांत सैल होतो, तेव्हा पुन्हा एकदाच ताण द्यायचा. दोन्ही पुलींच्या तोंडावर दोरी ताणून धरा. ती चारही जागी टेकली पाहिजे.

मग पाय. मोटरचा एकेक फाउंडेशन बोल्ट सैल करून त्या पायावर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावा. बोल्ट सुटताच पाय ०.०५ मिमीपेक्षा जास्त उठला तर तो पाय अधांतरी आहे आणि बोल्ट आवळताना मोटरची बॉडी पिळली जातेय. बॉडी पिळली की स्टेटर आणि रोटरमधली फट एकसारखी राहत नाही, म्हणजे हा बिघाड यांत्रिक असून आवाज मात्र विजेचा, १०० हर्ट्झचा, देतो. पायाखाली नीट शिम (फट भरणारी पट्टी) घाला, तीही एक किंवा दोन जाड. पत्र्याच्या कपच्यांची चळत नको, ती स्प्रिंगसारखी दबते.

३. व्होल्टेज आणि करंट

तिन्ही फेजमधलं व्होल्टेज मोटर लोडवर असताना मोजा. समजा ४१८, ४१२ आणि ४०० आले. सरासरी ४१०, सर्वात लांबचा आकडा १० ने दूर, म्हणून असमतोल २.४ टक्के. वाचायला किरकोळ वाटतं. पण व्होल्टेजमधला असमतोल करंटमध्ये साधारण ६ ते १० पट होऊन उतरतो. अमेरिकेतलं नेमा मानक म्हणतं की असमतोल १ टक्क्याच्या आत असावा आणि ५ टक्क्यांच्या वर मोटर चालवूच नये. वायंडिंगचं तापमान १० अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा जुना हिशोब. रोटर तापला की उष्णता शाफ्टमधून बेअरिंगपर्यंत जाते आणि ग्रीस पातळ होऊन वाहतं. म्हणून बेअरिंग वारंवार जाण्याचं मूळ कधी कधी पॅनेलमध्ये सापडतं.

करंट कुठे मोजताय ते लक्षात ठेवा. स्टार-डेल्टा स्टार्टरमधून मोटरकडे सहा केबली जातात. डेल्टात चालताना त्या केबलींमधला करंट लाइन करंटच्या ५८ टक्के असतो. नेमप्लेटवर २७ अँपिअर असेल तर मोटरच्या केबलवर पंधरा-सोळा दिसणं बरोबर आहे. मोटर हलकी चालतेय असं समजून कुणी त्याच केबलींवरचा रिले पूर्ण २७ वर लावला, तर पुढचं रिवायंडिंग ठरलेलंच.

तीन फेजचा करंट सारखा नसेल तर दोष सप्लायचा की मोटरचा, हे ठरवायला वायरमन लोकांची जुनी युक्ती आहे. पूर्ण बंद करून, टेस्टरने खात्री करून, स्टार्टरच्या इनकमिंगच्या तिन्ही वायरी एकेक घर पुढे सरकवा. तिन्ही सरकवल्याने मोटरची दिशा बदलत नाही. जास्तीचा करंट त्याच सप्लायच्या वायरीसोबत गेला तर दोष सप्लायचा. तो स्टार्टरच्या त्याच टर्मिनलवर राहिला तर दोष स्टार्टर किंवा मोटरचा. स्टार्टर म्हटलं की आधी डेल्टा काँटॅक्टरचे टिप्स बघा. तिथला एक काळा पडलेला टिप संपूर्ण मोटरला आजारी दाखवतो.

पॅनेल उघडं ठेवून चालू सप्लायवर मोजमाप करण्याची सवय आणि परवाना नसेल, तर हा भाग वायरमनकडे द्या.

४. मोबाइल: गरिबाचा अ‍ॅनालायझर

जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स नावाचं मोफत अ‍ॅप आहे. त्यात प्रवेगाचा आणि आवाजाचा, दोन्हींचा स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या फ्रीक्वेन्सीला किती जोर आहे त्याचा आलेख, दिसतो. मोबाइल दुहेरी चिकटपट्टीने बेअरिंगच्या जागेजवळ घट्ट बसवा. हातात धरून काहीही कळत नाही. पुली आणि बेल्ट फिरत असताना त्यांच्या बाजूने हात घालायचा नाही. मोटर बंद असताना मोबाइल लावा, मग चालू करा.

स्पेक्ट्रममध्ये कुठला सुळका वर आला ते बघा. १२.२ वर असेल तर ब्लोअर. २४.३ वर असेल तर पुलीचा असमतोल किंवा वाकलेला शाफ्ट. ४८.७ वर, म्हणजे शाफ्टच्या दुप्पट वेगाला, मोठा सुळका आला तर अलाइनमेंट. २४.३ च्या पटीत ओळीने सुळके उभे असतील तर काहीतरी सैल आहे: बेअरिंग हाउसिंगमध्ये फिरतंय, किंवा बोल्ट सुटलाय. १०० वर असेल तर मोटरच्या पायांकडे आणि तिसऱ्या तपासणीकडे परत.

एक फसवी जागा सांगतो. शाफ्टच्या वेगाची चौपट ९७.३ येते, विजेची दुप्पट १००. दोन्हींत तीनच हर्ट्झचं अंतर. २ पोल मोटरला तर शाफ्टची दुप्पटच ९८ च्या आसपास येते. हे सुळके वेगळे दिसायला मापन पुरेसा वेळ चालावं लागतं. नियम सरळ आहे: जितके सेकंद नोंद, त्याच्या व्यस्ताइतका बारीकपणा. १ सेकंदाच्या नोंदीत १ हर्ट्झ, १० सेकंदांत ०.१ हर्ट्झ. त्यामुळे घाईत दोन सेकंदांत घेतलेल्या स्पेक्ट्रमवरून मोटर खोलायचा निर्णय घेऊ नये.

बेअरिंगचे सुळके शाफ्टच्या पूर्ण पटीत बसत नाहीत, आणि तीच त्यांची ओळख. बाहेरची रेस खराब असेल तर गोळ्यांची संख्या गुणिले शाफ्टचा वेग, त्याचे साधारण ४० टक्के. आतली रेस असेल तर साधारण ६० टक्के. ६३०९ मध्ये ८ गोळ्या असतात. नेमकी मापं धरली तर आपल्या मोटरला बाहेरच्या रेसचा ठोका ७४ हर्ट्झच्या आसपास आणि आतल्या रेसचा १२० च्या आसपास पडतो. आतली रेस शाफ्टबरोबर फिरत असल्यामुळे तिचा खड्डा कधी लोडखाली येतो, कधी बाहेर जातो. म्हणून १२० च्या दोन्ही बाजूंना २४.३ च्या अंतरावर छोटे सुळके दिसतात. ते दिसले तर शंका उरत नाही.

पण मोबाइलकडून फार अपेक्षा नको. त्याचा सेन्सर सेकंदाला काहीशे नोंदी घेतो आणि त्याच्या निम्म्यापर्यंतच्याच फ्रीक्वेन्सी खऱ्या दिसतात. बेअरिंगचा अगदी सुरुवातीचा बिघाड काही हजार हर्ट्झच्या पट्ट्यात बोलतो. तो पकडायला एनव्हलप तंत्राचा अ‍ॅनालायझरच लागतो. मोबाइलवर ७४ चा सुळका ठळक दिसेपर्यंत बेअरिंग बरंच गेलेलं असतं. मोबाइलवर काही दिसलं नाही म्हणून बेअरिंग ठीक, असा उलटा अर्थ काढू नका.

कंपनाचा वेग मोजणारं पेन मीटर कारखान्यात असेल तर आयएसओ १०८१६ मधला १५ किलोवॅटपर्यंतच्या यंत्रांचा जुना तक्ता कामाला येतो: १.८ मिमी प्रति सेकंद आरएमएसपर्यंत चालवायला हरकत नाही, १.८ ते ४.५ मध्ये दुरुस्ती ठरवा, ४.५ च्या वर थांबवा.

५. कापलेलं बेअरिंग

काढलेलं बेअरिंग भंगारात जातं आणि सगळा पुरावा त्याच्याबरोबर जातो. काढण्याआधी बाहेरच्या रेसवर 'वर' कुठे होतं ते मार्करने लिहा. मग गॉगल लावून ग्राइंडरने बाहेरची रेस कापा, डिझेलने धुवा आणि गोळ्यांचा मार्ग उजेडात बघा.

बेल्टच्या मोटरमध्ये बाहेरच्या रेसवर मार्ग एका बाजूलाच असायला हवा, ज्या बाजूला बेल्ट ओढतो तिकडे. मार्ग पूर्ण गोल आणि सगळीकडे खोल असेल, तर बेअरिंगला आत श्वास घ्यायला जागाच नव्हती: फिट फार घट्ट, किंवा सी-३ क्लिअरन्सच्या (आत जास्त मोकळीक असलेल्या) बेअरिंगच्या जागी साधं बसवलेलं. मार्ग एकमेकांसमोर दोन ठिकाणी खोल असेल तर हाउसिंग अंडाकृती झालंय. नवीन बेअरिंगही तसंच चेपणार. मार्ग तिरका चढत-उतरत असेल तर बेअरिंग वाकडं बसलंय. गोळ्यांच्या अंतरावर ओळीने दाबल्याच्या खुणा असतील तर ते हातोडीचं काम: बाहेरच्या रेसवर मारून बेअरिंग शाफ्टवर चढवलं आणि तो मार गोळ्यांमधून रेसवर उमटला. इंडक्शन हीटरवर ११० अंशांपर्यंत तापवून चढवलं की हे होत नाही. गॅस टॉर्चने तापवणं मात्र नको.

आणि पन्हळीसारखे आडवे, एकसारख्या अंतराचे पट्टे दिसले तर तो ड्राइव्हचा पराक्रम. ड्राइव्हच्या वेगवान स्विचिंगमुळे शाफ्टवर व्होल्टेज साठतं आणि ते बेअरिंगमधून, ग्रीसचा पापुद्रा फोडून, जमिनीकडे उतरतं. प्रत्येक ठिणगी रेसवर सूक्ष्म खड्डा करते, ग्रीस जळून काळं पडतं आणि कालांतराने पट्टे तयार होतात. इथे नुसतं चांगल्या कंपनीचं बेअरिंग टाकून उपयोग नाही. शाफ्ट ग्राउंडिंग रिंग, पंख्याकडे इन्सुलेटेड बेअरिंग, ड्राइव्हपासून मोटरपर्यंत शील्ड केलेली केबल आणि तिचं दोन्ही टोकांना नीट अर्थिंग, हा उपाय. ड्राइव्ह पुरवणाऱ्याला बोलवा आणि कापलेली रेस त्याच्यासमोर ठेवा.

ग्रीसबद्दल थोडक्यात: ६३०९ चा बाहेरचा व्यास १०० मिमी, रुंदी २५ मिमी. १०० × २५ × ०.००५ म्हणजे १२ ग्रॅमच्या आसपास, एका वेळी बस. निपलमधून बाहेर येईपर्यंत ग्रीस भरणं हाही बेअरिंग मारण्याचाच प्रकार आहे. लिथियम आणि पॉलियुरिया ग्रीस एकमेकांत मिसळू नका. दोन्हीकडून झाकणं असलेल्या झेडझेड बेअरिंगला वरून ग्रीस देण्यात अर्थ नाही.

६. करंटमधून रोटर वाचणं

लोडवर डुलणारा "हुंऽऽ" असेल आणि वरचं सगळं ठीक निघालं असेल, तेव्हाच इथे या. १५ किलोवॅटच्या अ‍ॅल्युमिनियम डायकास्ट रोटरमध्ये बार (करंट वाहणाऱ्या पट्ट्या) तुटणं तसं विरळ. पण दिवसातून अनेकदा स्टार्ट होणारे, जड पंखा किंवा क्रशर उचलणारे रोटर तुटतात.

तुटलेला बार करंटमध्ये ५० च्या दोन्ही बाजूंना सुळके उभे करतो. अंतर स्लिपच्या दुप्पट. स्लिप म्हणजे फिरत्या चुंबकीय क्षेत्रापेक्षा रोटर जितका मागे राहतो ते: आपल्या मोटरला १५०० वजा १४६० म्हणजे ४० आरपीएमची स्लिप, २.६७ टक्के. ५० ची २.६७ टक्के १.३३, त्याची दुप्पट २.६७ हर्ट्झ. म्हणजे सुळके ४७.३ आणि ५२.७ वर. बेल्टचे सुळके ५० पासून साडेपाच हर्ट्झवर पडतात, ते रोटरचे समजू नका.

उघडझाप होणारा, आतच रोधक असलेला, व्होल्टेज देणारा छोटा क्लॅम्प सीटी (केबलभोवती बसून करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर) घ्या, यूएसबी साउंड कार्डच्या लाइन-इनला जोडा, लॅपटॉप बॅटरीवर चालवा आणि ऑडॅसिटीत रेकॉर्ड करा. माइकच्या इनपुटला एक व्होल्टचा सीटी थेट लावला तर लाट वरून कापली जाते आणि खोटे सुळके दिसतात. मूळ रेकॉर्डिंग ८००० हर्ट्झवर ठेवा. मग स्पेक्ट्रमचा आकार ६५५३६ घेतल्यावर ०.१२ हर्ट्झपर्यंत बारीक दिसतं. ४४१०० वर ठेवलं तर तोच आकार ०.६७ हर्ट्झच देतो आणि सुळका ५० च्या बुंध्यात मिसळतो. पॅनेलमधल्या ५ अँपिअरच्या सीटीची वायर यासाठी सोडू नका. चालू सीटीची सेकंडरी उघडी पडली तर जीवघेणं व्होल्टेज येतं.

मोटर किमान पाऊण लोडवर हवी. बेल्ट काढून स्लिप जवळजवळ शून्य होते आणि तुटलेला बारही निरोगी दिसतो. ग्रिडची फ्रीक्वेन्सी बरोबर ५० वर नसते, म्हणून मधल्या सुळक्यापासूनचं अंतर मोजा. डावीकडचा सुळका मधल्यापेक्षा ५० डेसिबलहून जास्त खाली असेल तर रोटर सोडून द्या. ४५ च्या आसपास असेल तर महिन्याभराने तेवढ्याच लोडवर पुन्हा बघा. अंतर ४० किंवा कमी असेल, म्हणजे सुळका मुख्य करंटच्या शंभराव्या भागाइतका किंवा मोठा, तर रोटर तपासून घ्यावाच लागेल.

कुठे थांबायचं

मेगरने (इन्सुलेशन तपासायचं मीटर), मोटर ड्राइव्हपासून सोडवून, ५०० व्होल्टवर वायंडिंग ते बॉडी ५ मेगाओहमपेक्षा कमी आलं तर सप्लाय देऊ नका, वायंडरकडे न्या. जळका वास, धूर किंवा सलग ट्रिप असेल तर रिसेट दाबत बसू नका. ३.३ किलोव्होल्ट आणि वरच्या मोटरींना यातलं काहीही स्वतः करू नका. फ्लेमप्रूफ मोटर स्वतः उघडली की तिचं प्रमाणपत्रच संशयात येतं. रोटर स्टेटरला घासल्याची खूण, हाउसिंग अंडाकृती, शाफ्टवर बेअरिंगची जागा झिजलेली, ही कामं मशीन शॉपची. पंच मारून जागा 'घट्ट' करणारा कुणी भेटला तर त्याला मोटर देऊ नका. आणि करंटमधला ४० डेसिबलच्या आतला सुळका असेल तर कंडिशन मॉनिटरिंगवाल्या माणसाला एकदा बोलवून खात्री करून घ्या. त्याची एका दिवसाची फी नवीन रोटरपेक्षा कमीच असते.

बाहेर काम देताना मोटरच्या सोबत नोंदलेले स्पेक्ट्रम, तिन्ही फेजचे आकडे आणि कापलेली रेस पिशवीत घालून द्या. बिल घेताना एवढंच मागा: शाफ्ट आणि हाउसिंगची मायक्रोमीटरने घेतलेली मापं, बसवलेल्या बेअरिंगचा पूर्ण नंबर सी-३ सकट, आणि मोटर परत आल्यावर पहिल्याच दिवशी तुम्ही त्याच जागी, त्याच लोडवर घेतलेला स्पेक्ट्रम जुन्याशेजारी ठेवायला फाइलमध्ये एक रिकामं पान.